चिकाचा डाग

काल इथे हॅम्बुर्गच्या दुकानात हिरवट केळ्यांच्या फणीतून दोन केळी मोडून घेतली आणि बोटाला थेंबभर चीक लागला. त्या तुरट वासासरशी मी थेट भुसावळच्या फलाटावर जाऊन उभा राहिलो.

अठरा वर्षांपूर्वी मी परदेशी निघालो, त्याच दिवशी रावेरला आमच्या बागेत केळीची कापणी होती. ट्रक भरून झाल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, तसेच स्टेशनवर आले. बाहीवरचा चीक अजून ओला होता. आमच्याकडे केळी कापायचे कपडे वेगळेच ठेवतात, कारण तो डाग कपडा फाटेपर्यंत जात नाही. माझ्या अंगात नवा पांढरा शर्ट. पाया पडून उठलो, त्यांना बिलगायला पुढे झालो, तर ते दोन पावलं मागे सरले.

"जवय नको यू रे. चीक लागीन."

मी थांबलो. खरं सांगतो, शर्ट वाचला म्हणून तेव्हा बरंच वाटलं.

पुढच्याच वर्षी आबा गेले. मला पोचता आलं नाही.

तो शर्ट अजून कपाटात आहे. काल घरी येऊन खिडकीपाशी धरून उलटासुलटा करून पाहिला. कुठेही डाग नाही.