आडावरची शिळा

पाटलाच्या सुनेच्या हातून दोर सुटला आणि मी तो धरला. एवढाच माझा गुन्हा.

बहात्तरचा दुष्काळ. लातूरकडच्या मुरुडजवळ आमच्या गावात एकाच आडाला पाणी उरलं होतं, तेही तळाला. आमच्या वस्तीतल्या बायकांनी आडाला हात लावायचा नाही. लांब बसायचं, कुणाला दया आली तर वरून घागरीत ओतून घ्यायचं. मी आठ-नऊ वर्षांची. आईसोबत वाट बघत बसले होते. भरलेला पोहरा काठाशी आला आणि सुनेचा हात घसरला. मी धावले. दोरानं तळहात सोलले, पण पोहरा वाचला. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

पाटलीणबाईंनी तो पोहरा मातीत ओतला. भर दुष्काळात. दोर धुवायला आणखी एक पोहरा शेंदला. आणि दोर वाळेपर्यंत मला आडाजवळच्या काळ्या शिळेवर अनवाणी उभं केलं. चैताचं ऊन. पाय उचलला की म्हणायच्या, खाली ठेव. आई हात जोडून समोर उभी. हळूच म्हणाली, "रडू नगं माय. समदे बघून राहिलेत."

मी रडले नाही. तर पाटलीणबाईच कौतुकानं बोलल्या, "लई सोशिक हाय गं तुजी पोरगी."

फोड गेले. तो शब्द राहिला. नांदेडला नर्सिंग शिकायला गेले, तर थंडीतही पांघरुणाबाहेर पाय काढून झोपायची. कुठं आडावरचा रहाट करकरला की तळपाय पेटायचे. मैत्रिणी विचारायच्या, मला सांगता यायचं नाही. तिथंच एकदा अपेंडिक्स फुटेपर्यंत दुखतंय म्हणून तोंडातून शब्द काढला नाही. मरता मरता वाचले. तरी सगळ्यांनी वाखाणलंच, पोरगी सोशिक आहे.

लातूर वेगळा जिल्हा झाला. तिथल्या दवाखान्यात मला नोकरी लागली. नव्या जिल्ह्यात नोकरीला लागलेली गावची पहिली पोरगी, म्हणून शाळेत सत्कार ठेवला. अध्यक्षाच्या खुर्चीत पाटील. भाषणात म्हणाले, "आमच्या आडावरच्या शिळेवर ही पोर हुबी ऱ्हायली, पर रडली न्हाई. तापल्याबिगर सोनं हुत न्हाई. पोरांनो, हिच्यावानी सोशिक व्हा."

टाळ्या पडल्या. पुढं बसलेल्या आमच्या वस्तीतल्या पोरीही टाळ्या वाजवत होत्या. त्यांचे अनवाणी पाय दिसले आणि माझ्या अंगाचा भडका उडाला. ज्यांनी भाजलं, तेच आता घडवल्याचं श्रेय मागत होते.

मी शाल घेतली नाही. म्हणाले, "मी सोनं नव्हते पाटील, लेकरू होते. माझे पाय भाजले. लई दुखलं. अजून बी दुखून राहिलंय."

बोलता बोलता रडू फुटलं. सगळ्या गावासमोर, हुंदके देऊन रडले. पाटलांनी मान वळवली. आई मागून उठून आली. वाटलं, आता गप्प करील. ती माझ्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "रड माय. तवाच रडू द्यायला पायजे हुतं."

तळपायांची आग अजून गेलेली नाही. जाईल असं वाटतही नाही. पण सोसायला मी कुणालाही शिकवणार नाही. वॉर्डात भाजलेलं लेकरू येतं, घरचे त्याला रडू नको म्हणतात. मी त्यांना बाजूला करते आणि लेकराजवळ बसते.

"ओरड बाळा. आणि कुणी केलं, ते मोठ्यानं सांग."