निळा लेयर बंद ठेवा

अंबरनाथच्या आमच्या छोट्या ऑफिसात बग कमी होत नाहीत आणि किस्से संपत नाहीत. एक बग सुटला की दोन किस्से तयार! त्यात आम्ही बनवतो बिल्डर लोकांसाठी नकाशाची ॲप्स, म्हणजे कच्च्या मालाची चिंताच नाही.

*

नवीन होतो तेव्हा मालकांना, म्हणजे म्हात्रे सरांना, लेयर समजावत होतो. "सर, ॲपमधला नकाशा हे एक चित्र नसतं. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद असतात. खाली जमीन, त्यावर रस्ते, मग इमारती, सगळ्यात वर नावं. वरचा खालच्याला झाकतो."

सरांनी गंभीरपणे मान हलवली. "मग सगळेच वर ठेव ना! उगाच कुणाला नाराज कशाला करायचं?"

सर पूर्वी नगरसेवकाच्या निवडणुकीला उभे होते, हे मला नंतर कळलं.

*

बदलापुरात, बेलवलीला टॉवर बांधणारे एक शेठ आमचे सगळ्यात मोठे क्लायंट. एकदा माझ्याकडून लेयरचा क्रम चुकला. शेठच्या प्रोजेक्टचा भलामोठा लोगो नावांच्या वर गेला आणि बदलापूर स्टेशन त्याच्याखाली गडप!

माफी मागायला फोन केला, तर शेठ खूश. "एकदम बरोबर आहे! जाहिरातीत पण आपण हेच बोलतो, स्टेशनला लागून!"

*

प्राजक्ता आमची टेस्टर. एकदा तिच्या फोनवर नकाशात कुठेही बोट लावा, काही म्हणजे काही उघडेना. शोधलं तर सगळ्यात वर एक पूर्ण पारदर्शक लेयर मी विसरलेला. दिसत काहीच नव्हतं, पण सगळे टच तोच खात होता.

"म्हणजे स्वतः काही करत नाही आणि खालच्यांपर्यंत काही पोचू देत नाही," प्राजक्ता म्हणाली. "मॅनेजर आहे हा!"

सर मागेच उभे होते. म्हणाले, "म्हणून तर आपण मॅनेजर ठेवला नाही. ते सगळं मीच बघतो."

*

कुठला लेयर किती झूमला दिसायचा, हेही ठरवता येतं. ते शेठनी जातीने ठरवलं. आता त्यांची बाग, म्हणजे चार कुंड्या, अख्ख्या ठाणे जिल्ह्याच्या नकाशावर दिसते. शेजारचा नाला बघायला मात्र झूम करत करत पार गेटपाशी जावं लागतं.

*

त्याच प्रोजेक्टमध्ये प्राजक्ता फ्लॅट घेणार होती. भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे गेलेले. म्हणून तळमजल्याचा फ्लॅट तिने मनात पक्का केला होता. टोकन तेवढं द्यायचं बाकी.

तेवढ्यात शेठचा निरोप आला, "पूररेषेचा निळा लेयर बंद ठेवा."

लेयर नीट बंद-चालू होतोय का, हे बघणं प्राजक्ताचंच काम. तिने चालू केला आणि तिची बिल्डिंग पूर्ण निळी झाली. मला फार वाईट वाटलं, आणि शेठचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी शेठ डेमोला आले. तिने तो लेयर चालू करून, आपण फ्लॅट घेणार होतो ती बिल्डिंग दाखवली.

"अरे मॅडम, ते पाणी जुनं आहे! अभी नहीं आता. स्टाफला स्पेशल रेट देतो, बिनधास्त घ्या."

"घेते की," प्राजक्ता म्हणाली. "तुम्हीपण तिथेच राहायला येताय ना, शेठ?"

"मी? छे! आपला बंगला शिरगावला, उंचावर." शेठ मनापासून हसले. "इथे कसा राहणार? घरात म्हातारी आई आहे ना!"