दादाचं फेफरं आणि चहाची बशी

“अहो, पडा ना! तोंडानं काय सांगताय? पडून दाखवा!”

मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात मोठा डॉक्टर माझ्यावर ओरडत होता आणि मी फरशीकडं बघत होतो. त्याच्या मागं शिकाऊ डॉक्टरांची पलटण उभी होती, पन्नास-साठ तरी असतील. खरं म्हणजे सात होते. पलंगावर माझा थोरला भाऊ बसला होता. डोक्यावर जागोजाग केस भादरलेले, तारा चिकटवल्याचे पांढरे ठिपके अजून तसेच. दाराशी वहिनी उभी, पदराचं टोक दातात धरून.

डॉक्टरला हवं होतं ते एवढंच, की दादाला फेफरं येतं तेव्हा सुरुवात शरीरात कुठून होते. यंत्रानं दादाच्या डोक्यातल्या रेघोट्या कागदावर उतरवून घेतल्या होत्या. पाठीच्या मणक्यातून हवा भरून डोक्याचे फोटो काढले होते आणि त्या हवेपायी दादा दोन दिवस ओकत होता. पण यंत्रासमोर फेफरं काही आलं नव्हतं. आता घरच्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं काय ते हवं होतं. रोग मेंदूच्या कोणत्या बाजूला आहे हे पक्कं झालं तरच कवटी उघडणार; नाहीतर गोळ्या घ्या आणि परभणीची गाडी धरा.

मी पडलो.

आणि काय पडलो! डोळे पांढरे केले, दात खाल्ले, उजवा हात थडथडवला, टाचा आपटल्या. शिकाऊ डॉक्टरांतला एक फसकन हसला. ते हसू कानावर पडताच मला आणखी चेव आला आणि मी तोंडातून फेस काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

“मी असा करतो व्हय?”

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. दादाला पंधरा वर्षं फेफरं येत होतं, पण ते दिसतं कसं हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. बघणार कसा? त्या वेळी तो तिथं नसायचाच.

“आन् डाव्या हातात काय धरलंस?” दादानं विचारलं.

मी फरशीवर उताणा होतो. सगळं अंग थडथडून झालं होतं, पण डावा हात मात्र छातीशी स्थिर, बोटं वर, जसं काही अलगद पेललंय.

“काय न्हाई,” मी म्हणालो आणि हात खाली घेतला.

“म्हणजे उजव्या हातापासून सुरू होतं?” डॉक्टरनं विचारलं.

“उजवा. शंभर टक्के.”

डॉक्टरनं लिहून घेतलं.

आता मी तिथं कसा पोचलो ते सांगतो. गावातून मुंबईला दादाबरोबर कोण जाणार याचा खल झाला, तेव्हा सगळ्या पारानं माझंच नाव घेतलं. कारण मी बोलका. मी बोलायला लागलो की बैल रवंथ थांबवायचे. दादाचं फेफरं हा तर माझा हातखंडा. कापसाच्या हंगामात आमच्या गाड्या मानवतच्या बाजारात लागायच्या, वजनाला अर्धा-अर्धा दिवस मोडायचा. तिथल्या हाटेलात मी सांगायचो, पोलिस ॲक्शनच्या साली दादाला भर बाजारात फेफरं आलं, तर निजामाचे दोन शिपाई बंदुका टाकून जे पळाले ते थेट हैदराबादेत थांबले. फौज त्यानंतर आली, संस्थान आधीच खलास झालं होतं! लोक टेबलं बडवायचे. मग मी ते फेफरं करून दाखवायचो, आणि त्यातली खरी करामत अशी, की डाव्या हातात चहानं काठोकाठ भरलेली बशी धरायची, बाकी सगळं अंग आपटायचं, आणि थेंब सांडू द्यायचा नाही. शेवटी तोच चहा भुर्रकन प्यायचा. पैज लावून लोक बघायचे.

दादा पूर्वी आमच्याबरोबर मानवतला यायचा, कापसाच्या गाडीवर बसून. हाकू मात्र कोणी द्यायचं नाही. तिशीचा बाप्या, पण विहीर, चूल, बैल, कशापाशी त्याला एकटं सोडत नव्हतं. चुलीत हात गेल्याचा डाग कोपरापर्यंत होता. त्याला एकच गोष्ट हवी होती: एकट्यानं गाडी हाकत मानवतला जायचं. तेवढ्यासाठी तो कवटी उघडून घ्यायला तयार झाला होता. मधे त्यानं मानवतला येणंच सोडलं. भ्याला असेल, असं मी सगळ्यांना सांगायचो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं निकाल दिला. “कागदावरच्या रेघा म्हणतात रोग उजव्या बाजूला. तुम्ही म्हणता सुरुवात उजव्या हातापासून. उजव्या हातावर मेंदूच्या डाव्या बाजूचा हुकूम चालतो, आणि बोलणंही बहुधा तिथंच असतं. दोन साक्षी उलट्या पडल्या तर मी सुरी लावत नाही. उद्या घरी जा.”

मी व्हरांड्यात आलो. वहिनी मागून आली.

“भावजी, उजवा न्हाई. डावा.”

“तुमाला काय ठावं?”

“मी त्यांच्या डाव्या अंगाला निजते. पयला डावा अंगठा मुठीत जातो. मंग तोंड डावीकडं वडतं. मंग हाताला बांगड्या घावल्या की बांगड्या फुटत्यात.” तिनं मनगट पुढं केलं. त्यावरचे जुने चरे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

“मंग काल आत का बोल्ल्या न्हाईत?”

“बोलाया तुमाला धाडलंय की गावानं.”

मला वाटतं हिमालय डोक्यावर पडला असता तर मी त्याचीही गोष्ट केली असती. ह्याची करता येईना. मी आठवून बघू लागलो. दादा खरोखर पडलेला, खरोखरचा हात. दिसेना. दिसायची ती बशी. इतक्या वेळा ते सोंग केलं होतं, की खालचं खरं पार पुसून गेलं होतं. आणि डॉक्टरला हे सांगायचं म्हणजे उजवा का म्हणालो तेही सांगणं आलं, तेही दादाच्या देखत. मी स्वतःला समजावलं की बायकांना भास होतात, डॉक्टर शहाणा आहे, तो बघून घेईल. असा मी दुपारपर्यंत व्हरांड्यात बसलो. लाज वाटते सांगायला, पण मधे एकदा मी केळीही खाल्ली.

आत गेलो तर दादा धोतर घडी करून बोचकं बांधत होता.

“चल,” तो म्हणाला. “कापूस येचायचा ऱ्हायलाय.”

गाठ बांधताना त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. मी तसाच वळलो आणि मोठ्या डॉक्टरला हुडकून पलंगापाशी घेऊन आलो. मागं ते सातही आले.

“साहेब, उजवा न्हाई. डावा हात.”

“काल शंभर टक्के म्हणाला होतात.”

“मी ते हाटेलात करून दाखवतो. डाव्या हातात चहाची बशी असते, म्हणून उजवा हलवायची सवय पडली.”

“कशाला करून दाखवता?”

एवढ्या सोप्या प्रश्नानं मला जन्मात कोणी गाठलं नव्हतं.

“लोक हसतात,” मी म्हणालो.

सातांपैकी एकही हसला नाही. आदल्या दिवशी फसकन हसलेला पोरगा तर आपल्या बुटांकडं बघायला लागला. दादा बोचक्याची गाठ सोडत होता. डॉक्टर वहिनीकडं वळला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही सांगा.” सासरच्या माणसांसमोर कधी मान वर न केलेली वहिनी मग बोलली, अंगठ्यापासून बांगड्यांपर्यंत, एक शब्द जास्त नाही की कमी नाही.

गोळ्या बंद करून वाट बघायची ठरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दादाचं तोंड पुसत होती आणि ते आलं. डावा अंगठा हळूच मुठीत गेला, पोरानं बोर लपवावं तसा. तोंडाचा डावा कोपरा ओढला. मग सगळं अंग. मी पलंगाच्या पायाशी उभा राहून पाहिलं. त्यात फेकायला बंदुका नव्हत्या, पळायला शिपाई नव्हते. माणूस गुदमरत होता. वहिनीनं त्याला कुशीवर वळवलं आणि आपला हात त्याला धरू दिला. दोन बांगड्या गेल्या. डॉक्टर घड्याळ बघत होता. त्याच्या हिशेबानं सगळं दीड मिनिटात आटोपलं. मानवतला मी ते पाऊण तास चालवायचो.

ऑपरेशन उजव्या बाजूला झालं. फेफरं समूळ गेलं असं मी सांगत नाही. वर्षाकाठी एखाद-दुसरं यायचं, तेही बसल्या जागी, आधी कळवून. दोन हंगामांनी वहिनीला शेजारी बसवून दादानं गाडी हाकत मानवतला नेली. त्याच्या पुढल्या हंगामात एकटा गेला.

पण त्याआधी, मुंबईहून परतताना मनमाडला आम्हाला गाडी बदलायची होती. दादाच्या डोक्याला पांढरं फडकं, वहिनी बोचक्यावर बसलेली. चहावाला आला. दादाचा डावा हात अजून जड होता, तरी त्यानं त्याच हातात बशी घेतली आणि तीत चहा ओतून फुंकर घालू लागला. मला पण घे म्हणाला. मी नको म्हणालो. त्याच्या हाताकडं बघवेना आणि दुसरीकडंही बघवेना.

शेवटी विचारलंच. “दादा, बशीचं तुला कवा कळलं? त्या दिशी डाक्टरापुढं?”

त्यानं बशी रिकामी केली, चहावाल्याला परत दिली आणि तोंड पुसलं.

“न्हाई. मानवतला. मागल्या बाकड्यावर बसलो होतो मी.”