दृष्ट काढताना बोलायचं नसतं

चहा बशीत ओतून ती बशी दुसऱ्यापुढे सरकवणे. ऑटोवाल्याशी भाड्यावरून भांडून, उतरताना "खुदा हाफिज, भैया" म्हणणे. सुलतान बाजारातून ब्लाउजपीस आणून महिनोन् महिने शिवायला न टाकणे. घरात कुणी रडलं, की आधी स्वयंपाकघरात जाणे.

भाग्यलक्ष्मीकाकूंच्या या सवयी. नल्लकुंट्याला मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. वयात वीस वर्षांचं अंतर, तरी आमची मैत्री आहे.

स्वयंपाकघरातून त्या मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन येत. रडणाऱ्यावरून तीनदा ओवाळत. मूठ तापल्या तव्यावर टाकत. ठसका लागला नाही, की म्हणत, "बघ, केवढी लागली होती!" नियम एकच. दृष्ट काढताना कुणी बोलायचं नाही. मी एकदा मध्येच बोलले. म्हणाल्या, "एम्मे झालीस, तोंड मिटायचं शिकवलं नाही का गं कॉलेजात?"

परवा रविवारी त्यांची मुलगी तन्वी होस्टेलला परत जायची होती. इंटरचं पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी. दुपारी तिने खोलीची कडी आतून लावली. काका ड्युटीवर. काकूंनी मला हाक मारली. मी खाली आले तेव्हा त्या दारापुढे उभ्या होत्या. मूठ मिटलेली.

"उघड बाळा. नजर लागलीय कुणाची तरी. दोन मिन्टात उतरवते."

"नक्को, आई."

"चारची गाडी आहे. उगं नाटकं करू नको."

"मी तिथे रोज गच्चीवर जाते," तन्वी आतून म्हणाली. "कठड्याशी उभी राहते. उडी मारावीशी वाटते."

आत पंख्याचा आवाज येत होता.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"दसऱ्याच्या आधीपासून."

"दसऱ्याला तर मी तुझी दृष्ट..."

"हौ. तेव्हाच सांगत होते. तू तोंडावर बोट ठेवलंस."

काकूंची मूठ सुटली. मोहरी फरशीभर घरंगळली. त्या दाराला पाठ लावून खाली बसल्या. रडू नको, असं म्हणाल्या नाहीत.

"बोल," म्हणाल्या. "मी इथंच आहे."

बराच वेळ आतून नुसतं रडणं येत होतं. काकू उठल्या नाहीत. चार वाजून गेले. साडेचारला कडी निघाली.

रात्री काका आल्यावर डॉक्टरांची वेळ ठरली. काल सकाळी काकूंनी कॉलेजला अर्ज लिहायला घेतला. मी लिहून देते म्हटलं.

"बस तू. माझी पोरगी आहे."

नाव लिहिलं. विषयांचा ग्रुप लिहिला. 'होस्टेल सोडण्याचं कारण' इथे त्या थांबल्या.

"काय लिहू गं?" त्यांनी तन्वीला विचारलं.

तन्वी सांगू लागली. अगदी पहिल्या आठवड्यापासून. काकूंनी पेनाला टोपण लावलं आणि तिच्याकडे वळून बसल्या.

आज मंगळवार. कारणाची जागा अजून कोरी आहे.