काशीराम मिस्त्रीचा कान

पनवेलच्या उरण नाक्यावर जुनी गाडी घ्यायची, तर आधी काशीराम मिस्त्रीचा कान लागायचा. आरटीओचा एजंट त्यानंतर. काशीराम बॉनेट उघडायला सांगायचा, हातभर लांबीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. "तिसरा पिस्टन आजारी हाय," एवढंच म्हणायचा. विकणारा शिव्या घालत निघून जायचा. चार महिन्यांनी ती गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडायची आणि नेमका तिसराच पिस्टन मान टाकायचा. काशीराम स्वतः कधी बढाई मारत नसे. ते काम त्याच्यासाठी अख्खा नाका करायचा.

आता ज्याचं कौतुक जास्त, त्याला नजर लागते म्हणतात. इथे नजरेचा काही दोष नव्हता. न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर पस्तीस वर्षं त्याच्या डोक्यापासून दोन फुटांवर धडधडत होते, त्यांनी कान खाल्ला. आधी बारीक टिकटिक गेली, मग पट्ट्याची शीळ गेली, आणि साठीला आला तेव्हा स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यातून फक्त सामसूम यायची. पण गडी वस्ताद. त्याने तळहाताने ऐकायला सुरुवात केली. बॉनेटवर, मडगार्डवर पंजा ठेवला की इंजिनाची थरथर त्याला सगळं सांगायची. स्क्रूड्रायव्हर तो नुसता लोकांसाठी कानाला लावायचा. माणसं काय बोलतात ते ओठांवरून ओळखायचा, नाही ओळखता आलं तर "हां" म्हणायचा. निम्म्या जगाला "हां"च हवं असतं, त्यामुळे निभावून जात होतं. हे नाक्याला कळू नये, एवढंच त्याचं देवाकडे मागणं होतं. ओवे गावातली भातशेती नव्या शहराच्या नकाशात गेल्यापासून त्याच्या नावावर कान सोडून दुसरी इस्टेट नव्हती.

२०१५च्या दिवाळीआधी खारघरचे कृष्णकांत देवधर आले. बंदरातल्या एका शिपिंग कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. त्यांच्या आजवरच्या तिन्ही गाड्या काशीरामच्या कानाने पसंत केलेल्या. आता निवृत्तीआधी त्यांना आलिशान हायब्रिड सेडान घ्यायची होती, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. गाडी कोरी करकरीत, तिचं काय ऐकायचं, असं काशीरामने म्हणून पाहिलं. साहेब म्हणाले, तुझा कान लावल्याशिवाय मी सायकलसुद्धा घेणार नाही. मग काय बोलणार? तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला.

शोरूममध्ये नीता नावाची तरतरीत मुलगी होती. तिने सगळं समजावलं: ही गाडी प्लगला लावावी लागत नाही, ब्रेक मारला की बॅटरी आपोआप भरते, शहरात बॅटरी, मोकळ्या रस्त्यावर इंजिन, मागच्या सीटला पाय पसरायला ऐसपैस जागा, गार हवा सोडणारी सीट. काशीराम तिच्या ओठांकडे टक लावून होता आणि तिला वाटलं, म्हातारा किती लक्ष देऊन ऐकतो. खरं सांगायचं तर तो निम्म्याहून जास्त डोळ्यांनीच तपासत होता, आणि डोळे अजून पहिल्या नंबरचे होते. त्याने डिकी उघडायला लावली. बॅटरी सीटमागे बसवल्यामुळे डिकी आखूड आहे, गावाला निघताना दोन बॅगा मांडीवर येतील, म्हणाला. गाडीचं पोट बसकं आहे, आपल्याकडचे गतिरोधक ते खरवडणार. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि नंतर ती बदलून कोण देणार, हे लिहून घ्या. पाच वर्षांनी विकायला काढलीत तर गिऱ्हाईक आधी बॅटरीचंच विचारेल. साहेब प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होते. नीतानेही त्याला "सर" म्हटलं. काशीराम बऱ्याच वर्षांनी इतका सुखावला होता.

मग बॉनेट उघडलं. आत सगळं काळ्या प्लॅस्टिकखाली झाकलेलं. स्क्रूड्रायव्हर टेकवायला बोटभर लोखंड उघडं नव्हतं. नीताने बटण दाबून गाडी चालू केली. काशीरामने पंजा ठेवला. थरथर नाही. आता हातही गेला की काय? तेवढ्यात साहेब हसून म्हणाले की चालू होऊनही हिचा आवाजच येत नाही, कमाल आहे. काशीरामचा जीव भांड्यात पडला. म्हणजे सगळेच बहिरे! त्या दहा मिनिटांत तो सगळ्यांच्या बरोबरीचा होता.

साहेब स्वतः चालवायला बसले, काशीराम शेजारी, नीता मागे. पूल ओलांडून गाडी खारघरच्या टेकडीचा चढ चढू लागली. साहेबांनी त्याच्याकडे वळून विचारलं, काय म्हणतो कान? काशीरामने डॅशबोर्डवर तळहात ठेवला. जाड गालिचा, दुहेरी काच, इंजिनाखाली मऊ रबर. हादरा आत येऊ नये म्हणूनच तर लोक ही गाडी घेतात. हाताला काही लागलं नाही. चढ दिसत होता, इंजिन जागं झालं असणार हे त्याच्या डोक्यात यायला हवं होतं. पण मघाच्या आनंदात होता बिचारा.

"इंजिन अजून झोपलंय साहेब," तो म्हणाला. "सगलं बॅटरीवर. घ्या डोळे मिटून."

मागून नीता काहीतरी म्हणाली. काशीराम समोर बघत हसतच राहिला. साहेबांनी गाडी बाजूला घेतली, ते त्याच्याकडे पूर्ण वळले, आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाले, "काशीराम, पुलापासून इंजिनच चालू आहे. चढावर तर चांगलं घुमतंय."

बावीस वर्षांत साहेब त्याच्याशी मोठ्याने कधी बोलले नव्हते. परतताना साहेब आणि नीता काही बोलले असतील तर ते त्याला कळलं नाही.

साहेबांनी वाईट काहीच केलं नाही, हेच तर वाईट. दिवाळीत नवी गाडी घेऊन ते पेढे द्यायला गॅरेजवर आले. कानाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून आणला होता. आणि काशीरामला नीट कळावं म्हणून त्याच्यासमोर उभं राहून ओरडून सांगितलं, "मशीन मिळतं कानाचं! लाजायचं नाही!" चहाच्या टपरीवरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. काशीरामने पेढा तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून नाका त्याच्याशी हातवाऱ्यांनी बोलू लागला. कुणी थट्टा केली असती तर त्याने पाना तरी फेकून मारला असता. पण सगळे मायेने वागत होते. जुन्या गाड्यांची गिऱ्हाइकं मायेनेच पलीकडच्या गॅरेजकडे वळली. तिथला माणूस गाडीला लॅपटॉप जोडतो. महिनाभर एकही बॉनेट त्याच्यासमोर उघडलं नाही. मशीन त्याने आणलंही. त्यातून सगळ्या ट्रेलरांचा एकच कल्ला ऐकू यायचा, पिस्टन वेगळा सापडायचा नाही. एका संध्याकाळी त्याने शटर ओढलं आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन घरी आला.

बायको ठमाबाई भाकऱ्या थापत होती. हातातला स्क्रूड्रायव्हर पाहून ती उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की कित्येक वर्षांत ही आपल्याशी पाठीमागून बोललेलीच नाही.

"तुला कदीपासून म्हाईत हाय?"

"आपल्या पोरीच्या, विनिताच्या हळदीपासून," ठमाबाई म्हणाली. "बेंजो वाजायचा थांबला, तरी तुमी वरडूनच बोलत व्हता."

"मंग बोलली का नाय?"

"बोलून काय झालं असतं? तुमचा कान हाय म्हनून चार लोक घरात येत व्हते."

ती परत तव्याकडे वळली. काशीराम भिंतीला टेकून बसला आणि स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवला. तिचे खांदे हलत होते, मान हलत होती; पाठमोरी ती बराच वेळ काहीतरी सांगत असावी. गिऱ्हाइकाला ऐकवावं तशा सवयीने तो म्हणाला, "हां, बरोबर हाय तुजं."

ठमाबाई वळली. पदराचा बोळा तिने तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ती एक शब्दही बोललेली नव्हती.