माझ्या वाट्याचं एक वाक्य

आमच्या घरची वाटणी झाली तवा थोरल्या भावानं विहिरीकडचा तुकडा घेतला, मधल्यानं बैलं घेतली, आन मला नाटकातलं काम आलं. खोटं न्हाई सांगत. आमच्या गावात नाटकातली कामं घराण्यात चालायची. राजाचं काम पाटलाच्या घरी, राणीचं शिंप्याच्या घरी, कपटी परधानाचं किराणा दुकानवाल्याच्या घरी. आन राजाच्या नोकराचं, म्हंजे सोंगाड्याचं काम आमच्या घरी. आजा करायचा, मंग बाप, मंग मी. दोघं भाऊ शिकलेले, त्यांना लाज वाटायची. मला शाळेत घातलं व्हतं, पण मी मास्तरच्या चालण्याची नक्कल करून दाखवली आन मास्तर नेमका मागंच उभा व्हता. तवापासून अक्षर म्हंजे मला मुंग्यांची रांग. आता बी मी बोलायलोय आन सून लिहून घ्यायलीय. एखादं वाक्य बरं वाटलं तर ते तिचं समजा.

नाटक जुनं. पुण्याकडच्या कुण्या माणसानं आमच्या आज्याच्या जल्माआधी लिहिलेलं. राजा मनाचा लय चांगला पण कानाचा हलका. परधान त्याचे कान भरतो, राजा सख्ख्या भावाला हाकलून देतो, आन शेवटी त्याच परधानाच्या हातचा घाव खाऊन एकटा पडून मरतो. मरताना पाणी मागतो. निजामाच्या राज्यात आज्याच्या जोडीदारांनी ते गावात बसवलं, तवापासून दर जत्रेला तेच. पुस्तक वाळवीनं कधीच खाल्लं व्हतं. कुणाचं काही आडत नव्हतं. बापाच्या तोंडून पोरानं घ्यायचं. पिंगळीच्या टेसनावर उतरून लोक चालत यायचे, पालमकडं दिलेल्या लेकी येष्टीनं यायच्या, आन सगळ्यांना पुढचं वाक्य आधीच पाठ असायचं. मी पाणी आणायला जातो तिथं तर माझी लय मोठी बडबड. विहिरीवर बायका कशा भांडायल्यात, दोर कसा तुटला, पोहरा कसा पडला, असं मी सांगत बसायचो, लोक पोट धरून हसायचे, आन त्या गलक्यात मागं राजा कवा मरून जायचा कुणालाच कळायचं न्हाई.

माझ्या बडबडीला ठेका असायचा हलगीचा. हलगीवाला आमच्या गावच्या बौद्धवाड्यातला, माझा ल्हानपणचा जोडीदार. आमी दोघं नदीला ढोरं न्यायचो तवापासून एका तांब्यानं पाणी पेत आलो, कुणी बघत नसताना. वाड्यातल्या लोकांनी मयताला, देवाच्या मिरवणुकीला वाजवायचं कवाच सोडलं व्हतं. हा मात्र नाटकाला यायचा. म्हणायचा, “ते काम व्हतं, सोडलं. हे माझ्या हौशीचं हाय.” मी बोलायचो, तो थाप द्यायचा. त्याची थाप न्हाई पडली तर माझ्या गमतीवर माझी बायको बी हसत न्हाई.

मंग नामांतराचं सुरू झालं. विद्यापीठाला नाव द्यायचं का न्हाई द्यायचं, यावरून गावागावात माणसं फाटली. जवळपासच्या गावात घरं जळाली. आमच्या गावात जळालं न्हाई काही, पण गाव आन वाडा एकमेकाशी बोलंना. विद्यापीठ आमच्यातल्या कुणी बघितलेलं नव्हतं, मी तर शाळाच बघितली न्हाई नीट, पण नाव घेतलं की दोघंबी मुठी आवळायचे. जत्रा जवळ आली तशी फौजदारानं पाटलाला आन आमा नाटकवाल्यांना ठाण्यात बोलावलं.

“नाटक करा,” फौजदार म्हणले, “पण दिवसा. ऊन उतरायच्या आत खलास. आन पुस्तकात जेवढं छापलंय तेवढंच बोलायचं. पदरचा एक शब्द बोलला त्याला मी उचलतो. सोंगाड्या कोण तुमच्यात?”

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. एवढी एकी मी गावात परत बघितली न्हाई.

आता पुस्तक कुठून आणायचं? शाळेवर एक नवे मास्तर आलते, वाचनाचे लय नादी. त्यांनी परभणीच्या वाचनालयातून ते आणलं. आमाला लिंबाखाली बसवून पयल्यापासून वाचून दाखवलं. पाटलाचं काम बरंचसं तसंच निघालं. राणीचं बी. मी वाट बघायलो माझं कवा येतं. येईना. मास्तर शेवटल्या पानावर आले तरी न्हाई. मंग ते म्हणले, “हं. सेवक येतो. म्हणतो, महाराज, पाणी आणलंय. राजा ते ऐकतो आन प्राण सोडतो. पडदा.”

“मंग माझं?” मी इचारलं.

“हेच.”

“विहीर? पोहरा?”

“विहीर न्हाई यात.”

परधान असा हसला की त्याचं मुंडासं सुटलं. म्हणला, “लेका, वाटणीत फसवलं तुला. जमिनीचा तुकडा सोडून एक वाक्य घेतलंस.”

 मास्तरांनी मात्र ते शेवटलं पान परत वाचलं, हळू. म्हणले, “गड्यांनो, तुमाला ठाव हाय का तुमी काय करायलात? पाणी येतं, पण एक क्षण उशिरा येतं. राजा तहानलेलाच जातो. एवढ्यासाठी हे नाटक जिवंत राह्यलंय. बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपण बी कुठंतरी असंच उशिरा पोचलो. तुमी त्या जागी इतकी वर्सं हसायलात.”

मला वाईट वाटायला पायजे व्हतं. मला भेव वाटलं. माझी जीभ मला मालूम. लोक समोर दिसले की ती आपोआप सुटती, मी तिच्या मागं पळतो. आन त्या साली कोणता शब्द कुणाला लागंल याचा नेम नव्हता. विहिरीची गंमत केली तर वाडा म्हणणार, आमाला पाण्यावरून बोलला. न्हाई केली तर गाव म्हणणार, वाड्याला भिऊन गाळली. मी वाड्याच्या कडेला जाऊन जोडीदाराला गाठलं. तो दोर वळायलता.

“येणार का रं वाजवायला?”

“आमच्यातले पोरं म्हणायलेत नको जाऊ.” मान वर न करता बोलला. “मी येतो. पण एक आयक. तुझं तोंड आवर. एक शब्द जास्ती बोललास तर मी हलगी ठिवून उठणार, आन मी उठलो की सगळा वाडा उठणार. मंग काय व्हईल ते तू बघ.”

“मला एकच वाक्य हाय आता.”

“तुला तेबी झेपणार न्हाई,” तो म्हणला.

जत्रेपर्यंत माझं जेवण उडालं. बैलगाडीवर, रानात, सगळीकडं मी ‘महाराज, पाणी आणलंय’ म्हणत फिरायलो. म्हशीला बी म्हणलं. रस्त्यात जो तो आडवायचा. कुणी म्हणायचं, “विहिरीची गंमत गाळली तर टकुरं फोडीन.” दुसरा म्हणायचा, “केली तर फोडीन.” टकुरं एकच, गिऱ्हाइकं लय. जत्रेच्या सकाळी बायकोनं हातात सुपारी दिली. “ही गालात धरा. गाल भरला की जीभ गप बसती.”

गाड्या जोडून केलेलं स्टेज शाळेपुढं उन्हात उभं. दरवर्सी गॅसबत्तीच्या उजेडात आमाला फुडचा माणूस दिसायचा न्हाई, निस्ता हसण्याचा आवाज यायचा. त्या दिवशी पडद्याच्या फटीतून मी बघितलं. एकेक तोंड दिसायलं. डाव्या अंगाला गाव, उजव्या अंगाला वाडा, मधी गाडी जाईल एवढी जागा मोकळी. दरवर्सी तिथं पोरं लोळायची. मोकळ्या जागेच्या तोंडाशी खुर्ची टाकून फौजदाराचा जमादार बसलेला, मांडीवर मास्तरांचं पुस्तक, वळीवर बोट. कुणी बोललं की बोट सरकायचं.

नाटक चाललं. पाटलाच्या तोंडाचा सफेदा वघळून गळ्यात आला. अंगात लोकरीचा झगा, राजाचा म्हणून. एकाबी ठिकाणी कुणी टाळी वाजवली न्हाई, सगळे एकमेकाकडं बघायलते. माझा जोडीदार पडद्याच्या आड हलगी मांडीवर घेऊन बसलेला, बाजूला त्यानं घरून आणलेला पाण्याचा तांब्या. हलक्या जर्मन पत्र्याचा, काठाला चेंबलेला. वाड्याच्या पयल्या रांगेत त्याची माय बसलेली.

माझी येळ आली तवा भेवानं माझ्याकडून सुपारी गिळल्या गेली. घशात आडकली. ठसका लागला. नाटकातला पितळी तांब्या, चिंचेनं घासलेला, माझ्या हातात व्हता, पण तो नेहमीच रिकामा असायचा, कारण त्यातलं पाणी कुणी पेतच नव्हतं. मी तो ठिवला आन जोडीदाराचा तांब्या उचलून वरतून ओतला घशात. सुपारी खाली गेली. तेवढ्यात त्यानं थाप दिली, माझ्या येण्याची. मी हातात व्हता तोच तांब्या घेऊन स्टेजवर.

लोकांनी मला बघितलं आन हसले. मी काही न करताच. गावाकडून एकजण वरडला, “विहिरीवर कोण हाय रं!” जमादाराचं बोट थांबलं. उजवीकडची दोन पोरं उठून उभी राह्यली. जीभ हलली बगा माझी. गंमत तोंडात आलती, आली व्हती अगदी. ती गिळली, आन तिच्यासंगं वाक्य बी गिळलं.

काहीच आठवंना.

मास्तर आडून सांगायलते, “महाराज, पाणी आणलंय. महाराज, पाणी...” मला निस्तं त्यांचं तोंड हललेलं दिसायलं. तांब्या कलला आन पाणी पाटलाच्या झग्यावर सांडायलं. हसणारे हळूहळू गप झाले. खाली पाटील उन्हात पडलेला. मी वाक्य म्हणल्याबिगर त्याला मरता येत नव्हतं. व्हट न हलवता म्हणला, “म्हण की रं मेल्या.” मला ते बी आयकू आलं पण उमगलं न्हाई. मी आपला गुडघ्यावर बसलो आन तांब्या फुडं केला. दुसरं काय करू? हातात तेवढंच व्हतं.

पाटलानं डोळे उघडले. त्यानं तांब्या दोन्ही हातानं धरला, तोंडाला लावला, आन घटाघटा पेला. तवा मला काठाचा चेंबलेला भाग त्याच्या व्हटापाशी दिसला, आन तांब्या कुणाचा हाय ते ध्यानात आलं. हलगी थांबली. वाड्याकडं सगळ्यांच्या माना ताठ. त्यांनी वळखला व्हता. गावाकडं बी कुजबुज झाली, मंग ती बी बंद. मला वाटलं, संपलं. एक शब्द न बोलता मी गाव पेटवलं.

आन त्या शांततेत जोडीदाराची माय बोलली, जसं घरात बोलावं तसं. “पी बाबा, पी. सावकाश.”

पाटलानं शेवटपर्यंत पेलं. तांब्याकडं बघितलं. पडद्याकडं बघितलं, जिथं हलगीवाला बसला व्हता. तांब्या खाली ठिवला, आपटला न्हाई, ठिवला.

मंग माझं तोंड उघडलं. “महाराज, पाणी आणलंय.”

पाटील मेला.

इतक्या वर्सांत मी त्या जागी आयकलं न्हाई ते त्या दिवशी आयकलं. कुणी हसलं न्हाई. उभी राह्यलेली दोन्ही पोरं खाली बसली.

पडदा पडल्यावर मी गाडीच्या मागं जाऊन बसलो, मार कोणत्या बाजूनं येतो ते बघत. पयले आले मास्तर, लाल झालेले. “राजाला पाणी मिळत न्हाई, म्हणून ते नाटक हाय! तू नाटकच मारलंस!” मी म्हणलं, “मास्तर, तुमी लिहिणाऱ्याकडून बोलायलात. तो इथं उन्हात पडला असता तर त्यानं बी पेलं असतं.” त्यांनी कपाळाला हात लावला. जमादार आला, पुस्तक मिटवत. “छापल्याभायेर कुणी बोललं न्हाई. म्हातारी बोलली, पण ती नाटकात न्हाई.” आन गेला.

मंग पाटील आला, तोंड पुसत. “तांब्या कुणाचा व्हता?”

 मागून आवाज आला, “माझा.” जोडीदार उभा व्हता, हलगी काखेत.

पाटील त्याच्याकडं वळला. मी दोघांच्या मधी, पळायला जागा न्हाई. “गार व्हतं,” पाटील म्हणला, आन झगा खांद्यावर टाकून चालता झाला.

जोडीदारानं माझ्या पाठीत बुक्की घातली. “एक वाक्य व्हतं तुला. पाणी येळेवर, आन वाक्य उशिरा.”

सगळं गोड झालं असं न्हाई. पाटलाच्या भावकीतले काही लोक त्याच्या घरी जेवायचे बंद झाले. मला तर लय दिवस घरी जायला रानातून वळसा घालावा लागला. परधानानं काम सोडलं, दुसऱ्या साली ते मास्तरांनी केलं, आन लय वंगाळ केलं. तालमीला मास्तर परत तेच म्हणले, राजानं पाणी पेऊ नये. पाटील म्हणला, “लिहिणाऱ्याला सांगा, आमच्या गावात राजा पाणी पेऊन मरतो.” तांब्या वाड्यातून म्हातारीच धाडायची, तोच, ती व्हती तवर. मास्तरांनी हळूहळू वाद सोडला. बदली झाली तवा जाताना मला म्हणले, “दुसरीकडं हे नाटक बघितलं की मला आता पाणी न मिळालेलं बघवणार न्हाई.” मी म्हणलं, “मंग तुमीच तांब्या घेऊन जा स्टेजवर, वाक्य एकच हाय.”

माझी बडबड काही परत आली न्हाई. लोकांनी बी मागितली न्हाई. पण भेव गेलं न्हाई माझं. आता गुडघे वाजतात, तरी जत्रेला स्टेजवर जाण्याआधी मी सुपारी थुकतो, आन तांब्यात डोकावून बघतो, पाणी हाय का.