घारी उतरल्या की

आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणजे बिनपगारी हवामान खातं. त्यांची लेक वैमानिक आहे. तिचं विमान ढगांच्याही वरून जातं, पण खालून नजर ठेवायला बाप नको का? रोज दुपारी काका लुंगी सावरत गच्चीवर येतात, कारखान्यांच्या धुराड्यांचा धूर कुठे कलतो ते बघतात, मलंगगडावरच्या ढगांवर डोळे वटारतात आणि मग घारी न्याहाळतात. घारी पंख न हलवता गोल गोल चढत असल्या, की तिथली हवा वर उसळतेय असं समजायचं; भराभर खाली उतरल्या, की वादळ जवळ आलंय.

"तिथं विमानाला बदलापूर रोडसारखे दणके," ते मला समजावतात.

"काका, तिच्याकडे रडार आहे."

"रडारला बापाचा जीव आहे का रे?"

गेल्या महिन्यात लेकीचा फोन आला. खूप दिवसांनी ती मुंबईत थांबली होती, रात्री पुन्हा उड्डाण होतं. "बाबा, चहाला येते. पाऊस नाही ना? रस्त्यात अडकले तर ड्युटी चुकेल."

काकांनी वर पाहिलं. घारी भराभर खाली उतरत होत्या, धूर आडवा झाला होता. मी खुणावलं, आभाळ स्वच्छ आहे म्हणून सांगा, येऊ दे तिला. त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली.

"आज नको येऊस, बाळा. वादळ येतंय."

वादळ आलं नाही. तासाभरात आभाळ निवळलं. काका मात्र अंधार पडेपर्यंत कठडा धरून मलंगगडाकडे बघत राहिले. थट्टा करायला गेलेला मीही मग त्यांच्याशेजारी उभा राहिलो, निदान चार थेंब तरी पडावेत म्हणून.